इंदूरला येताय? काय, कुठे आणि मुख्य म्हणजे केव्हा खायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईचे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे जावई यांचं अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट निघालं की पहिला फोन आमच्याकडे येतो. प्रश्न ठरलेले, उत्तरंही ठरलेली. गेल्या दिवाळीत एकाच आठवड्यात पाच जणांना तेच तेच सांगून घसा बसला, तेव्हा हे एकदाचं लिहून काढलं. आता कुणी विचारलं की हेच पाठवतो.

आम्ही दोनच दिवस आहोत. काय काय खायलाच हवं?

यादी देतो, पण आधी एक ऐका. इंदुरात ‘काय खायचं’ याच्याइतकंच ‘केव्हा खायचं’ याला महत्त्व आहे. इथल्या प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली असते आणि ती चुकली की पदार्थ एकतर मिळत नाही, नाहीतर मिळतो तो उरलासुरला. सकाळी पोहे-जिलबी. जरा ऊन चढलं की कचोरी. दुपारी दाल-बाफले. संध्याकाळी छप्पन दुकान. रात्री दुकानं बंद झाल्यावर सराफा.

हे मी स्वतः चुकून शिकलोय. मुंबईची आत्या पहिल्यांदा आली तेव्हा उत्साहाच्या भरात तिला संध्याकाळी सहालाच सराफ्यात घेऊन गेलो. त्या वेळी तिथे फक्त सोनार असतात, कारण तो दिवसा खराखुरा सराफ बाजारच आहे. आत्यानं चांदीचे पैंजण घेतले. दहीवडा राहिला तो राहिलाच, तिची गाडी त्याच रात्रीची होती.

पोहे आम्ही घरी रोज करतो. इंदूरला येऊन पुन्हा पोहेच काय खायचे?

हा प्रश्न पुणेकरच विचारतात. विचारून झाल्यावर दोन प्लेटी खातात.

आपले कांदेपोहे कढईत परतलेले असतात, कांदा फोडणीतच शिजतो. इंदुरी पोहे वाफेवरचे. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मोठी परात किंवा कढई ठेवलेली असते आणि पोहे तासन्‌तास गरम, मऊ, मोकळे राहतात. तेल कमी, हळद बेताची, किंचित साखर आणि बडीशेप. बडीशेपेमुळे पहिल्या घासाला मराठी माणूस जरा थबकतो. कांदा कच्चा, वरून. त्यावर शेव, कोथिंबीर, लिंबू, कुठे डाळिंबाचे दाणे, कुठे खारी बुंदी आणि शेवटी जीरावन.

जीरावन म्हणजे माळव्याचा शिंपडायचा मसाला. जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, तिखट आणि वर ज्याचं त्याचं गुपित. आमच्याकडे तो जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी असतो. पोह्यांवर, काकडीवर, पेरूवर, दह्यावर, कशावरही पडतो. पोहेवाला विचारेल, “जीरावन डालूँ?” मान डोलवा.

सकाळी सात ते साडेनऊ ही उत्तम वेळ. बाराला गेलात तरी पोहे मिळतील, पण सकाळची ती लगबग, पेपर वाचत उभ्या उभ्या खाणारी माणसं आणि शेजारच्या कढईतून निघणारी पहिली जिलबी, ते सगळं संपलेलं असेल.

जिलबी पोह्यांबरोबरच का?

तिखट-आंबट घासानंतर गोड गरम कडं. कारण वगैरे विचारू नका, एकदा खाऊन बघा. जिलबी वजनावर मिळते, दोघांना शंभर ग्रॅम पुरते. गरम नसेल तर घेऊ नका.

उसळ पोहे म्हणजे मिसळच ना?

नाही. मिसळीचा नायक रस्सा आणि सोबतीला पाव. इथे नायक पोहेच, त्यांच्यावर तिखट उसळ आणि तर्री ओततात. नागपूरचे तर्री पोहे याचे सख्खे भाऊ म्हणता येतील, पण वाफेच्या पोह्यांमुळे आणि शेवेमुळे चव वेगळी लागते. इंदुरात ही मराठी घरांची देणगी आहे, यात इथल्या कुणाला शंका नाही. होळकरांबरोबर आलेली माणसं, 1818 मध्ये इंदूर राजधानी झाल्यावर कारभारासाठी स्थिरावलेली घराणी आणि त्यांच्या स्वयंपाकघरातली मोड आलेली मटकी माळव्याच्या पोह्यांना कधी भेटली याची तारीख कुणी लिहून ठेवली नाही. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या नाश्त्याच्या दुकानांत ‘उसल पोहा’ अशी पाटी दिसली की आत शिरा. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, तर्री पडल्यावर उपाय नाही.

सराफ्यात नक्की किती वाजता जायचं आणि काय खायचं?

साडेनऊनंतर. सोनारांची शटरं आठ-नऊच्या सुमारास खाली येऊ लागतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर गाड्या, कढया, पराती मांडल्या जातात. दहा ते बारा भर गर्दी. मध्यरात्रीनंतरही बराच वेळ चालू असतो, शनिवारी-रविवारी जास्तच. रात्री माणसांची वर्दळ राहिली की सोन्याची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना जागा दिली असं जुने लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण गोष्ट व्यवहारी आहे आणि इंदूरच्या स्वभावाला शोभते.

आता काय खायचं. जोशींचा दहीवडा खायचा आणि बघायचाही. दह्याचा द्रोण हवेत उडवून झेलणं आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले आळीपाळीनं सोडणं, हा तिथला कित्येक वर्षांचा खेळ आहे. लोक मोबाइल वर धरून उभे असतात आणि दहीवडा हातात गरगटत जातो. तसं करू नका, वडा चांगला असतो.

भुट्टे का कीस हा माझ्या मते माळव्याचा सगळ्यात शहाणा पदार्थ. मक्याचं कोवळं कणीस किसायचं, तुपात किंवा तेलात जिरं-हिंग-मिरचीवर परतायचं, दूध घालून आटवायचं, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. आमच्या घरी त्याला नुसतं ‘कीस’ म्हणतात. पावसाळ्यात, नवी कणसं आली की खावा. एरवी मिळतो, पण मका जून असतो आणि मग साखरेनं गोडी आणावी लागते.

थंडीत आलात तर गराडू चुकवू नका. हा कोनफळाच्या भाऊबंदांतला कंद. तुकडे आधी अर्धवट तळून ठेवतात, तुम्ही मागितलं की पुन्हा कडक तळून वर मसाला आणि लिंबू पिळून देतात. बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखा. हातात घेताच तोंडात टाकू नका, टाळू भाजते. दरवर्षी कुणाची तरी भाजतेच.

गोडात मालपुवा-रबडी, मावा बाटी (सुकामेवा भरलेला मोठा गुलाबजामच म्हणा) आणि जलेबा. जलेबा म्हणजे ताटाएवढी एकच जिलबी. फोटोसाठी छान. चवीला मात्र लहान जिलबीच सरस, कारण जाड कडं आतपर्यंत कुरकुरीत होत नाही. हे मत आमच्या घरातही सगळ्यांना मान्य नाही.

अलीकडे तिथे चायनीज, पिझ्झा, धुराचा पान, आगीचा पान असंही बरंच शिरलंय. त्यासाठी इंदूरपर्यंत यायची गरज नाही.

एका रात्रीत एवढं सगळं पोटात जाणार कसं?

रात्रीचं जेवण करून सराफ्यात जाणं ही पाहुण्यांची पहिली चूक. दुसरी म्हणजे प्रत्येकानं आपापली प्लेट घेणं. चौघांत एक प्लेट घ्या, दोन-दोन घास खा, पुढे चला. आधी तिखट-तळलेलं, मग दहीवडा, मग गोड आणि शेवटी मीठा पान. गोडानं सुरुवात केलीत तर तिसऱ्या गाडीपाशीच हात टेकाल.

आईचे गुडघे दुखतात. सराफ्यात बसायची सोय आहे का?

नाही, जवळपास सगळं उभ्यानं आणि गर्दीत. मोठ्यांना न्यायचंच असेल तर मधल्या वारी, साडेनऊच्या ठोक्याला न्या.

त्यापेक्षा त्यांच्यासाठी छप्पन दुकान बरं. न्यू पलासियामध्ये खरोखर 56 दुकानांची एक रांग आहे. 2020 मध्ये तिचं नव्यानं काम झालं, समोर गाड्यांना बंदी आली, बसायला बाकं झाली. संध्याकाळी सहाला जा. खोपरा पॅटिस घ्या: बाहेर बटाट्याचं आवरण, आत ओल्या खोबऱ्याचं गोडसर-तिखट सारण, वर दोन चटण्या. हा पदार्थ उभ्यानं खाण्यापेक्षा बाकावर बसूनच नीट खाता येतो.

दाल-बाफले कुठल्या वेळी?

दुपारी, आणि त्यानंतर काहीही ठरवू नका. लालबाग महाल वगैरे सकाळीच उरकून घ्या.

बाफला म्हणजे राजस्थानी बाटीच, असं कुणी म्हणालं तर माळव्याचा माणूस दुखावतो. बाटी थेट निखाऱ्यावर भाजतात. बाफल्याचे गोळे आधी पाण्यात उकडतात, मग गोवऱ्यांवर किंवा भट्टीत भाजतात आणि फोडून तुपात बुडवतात. म्हणून तो आतून मऊ असतो. ताटात डाळ, कढी, बटाट्याची भाजी, हिरवी चटणी आणि लाडू. बाफला चमच्यानं खायचा नाही, हातानं कुस्करून त्यावर डाळ ओतायची. वाढणारे आग्रही असतात. “बस” म्हटल्यावर आणखी एक येतो, तेव्हा ताटावर हात आडवा धरा. दोन बाफले पुरेत. माझा एक मावसभाऊ पैजेवर पाच खाऊन परतीच्या गाडीत रात्रभर बसून होता, आडवं होता येईना.

माझा उपवास आहे. मग काय नुसती केळी?

उलट! उपवासवाल्यांनी इंदूरलाच यावं. इथे ‘फरियाली’ हा शब्द शिकून घ्या, म्हणजे उपवासाला चालणारं. साबूदाण्याची खिचडी इथे एकादशीची वाट बघत नाही, रोज मिळते आणि उपवास नसलेलेच जास्त खातात. तीही वाफेवरची. भिजवलेला साबूदाणा वाफेवर गरम ठेवतात आणि तुमच्यासमोर त्यात मसाला, दाण्याचं कूट, बटाट्याचा फरियाली चिवडा, लिंबू, कोथिंबीर कालवून देतात. आपल्या तुपातल्या खिचडीसारखी ती नसते, भेळेच्या अंगानं जाते. कडक उपवास असेल तर कोथिंबीर आणि मसाल्यातली हळद तुमच्या घरी चालते का ते आधीच आठवा, नाहीतर अर्धी प्लेट संपल्यावर सासूबाईंना फोन करायची वेळ येते. शेंगदाण्याचं वावडं असलेल्यांनी दूरच राहावं.

शिकंजी मागवली तर भलतंच काहीतरी आलं. फसवलं का?

नाही. बाकी देशात शिकंजी म्हणजे लिंबूसरबत. इंदुरात शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, थोडं दही किंवा ताक, साखर, केशर, वेलची, सुकामेवा असं घट्ट, थंडगार, जवळजवळ पातळ श्रीखंड. तहान भागत नाही, भूक भागते. अर्धा ग्लास मागा.

मांसाहार कुठे मिळेल?

सराफ्यात नाही, तो पूर्ण शाकाहारी आहे. छप्पनला हॉट डॉगचं जुनं प्रसिद्ध दुकान आहे, तिथे मटणाचा आणि अंड्याचा मिळतो. अंड्याच्या प्रकाराला इथे ‘बेंजो’ म्हणतात: तव्यावर भाजलेल्या बनमध्ये ऑम्लेट, चटणी, कांदा. नीट बसून मांसाहारी जेवायचं असेल तर रेस्टॉरंटं शहरभर आहेत, पण खरं सांगू का, दोन दिवसांसाठी आलेल्या माणसानं इथे शाकाहारीच खावं.

नव्या गावात चांगलं हॉटेल ओळखायचं कसं? मोबाइलवरचे तारे बघून?

तारे बघा, पण कोण देतंय तेही बघा. माझी स्वतःची खूण वेगळी आहे. जिथे कढईपाशी एकच पदार्थ होतो आणि रांगेत हातात डबा घेतलेली गावातली माणसं असतात, तिथे थांबायचं. डबा म्हणजे तो पदार्थ घरी न्यायच्या लायकीचा आहे. ज्या मेनूकार्डावर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, मेक्सिकन आणि शेवटच्या पानावर ‘मालवा स्पेशल’ असतं, तिथला बाफला बहुधा सकाळचा असतो.

दुसरी खूण रिक्षावाल्याची. त्याला “चांगलं हॉटेल कुठलं” असं विचारलं तर तो महागडं दाखवतो, पाहुण्याचा मान म्हणून. “तुम्ही सकाळी पोहे कुठे खाल्ले?” असं विचारा.

बसून जेवायला सरवटे बस स्टँडजवळची जुनी शाकाहारी रेस्टॉरंटं कुटुंबासाठी ठीक आहेत. जेवायच्या वेळेला थांबावं लागतं, पण ताटं भराभर उठतात. विजय नगरकडे गच्चीवरची, दिव्यांच्या माळांची रेस्टॉरंटं पुष्कळ आहेत. मुलं खूश होतात. जेवण पुण्यात मिळतं तसंच.

पोट बिघडणार नाही ना?

इंदूर 2017 पासून वर्षानुवर्षं देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरत आलंय आणि आम्हाला त्याचा फार अभिमान आहे. कागद रस्त्यावर टाकलात तर कुणीतरी अनोळखी माणूस नक्की टोकेल. पण स्वच्छ रस्ता आणि तुमच्या पोटाला मानवणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी बाटलीबंद प्या, बर्फाचं आणि उघडी कापलेली फळं टाळा, तुमच्यासमोर कढईतून निघालेलं खा. पाहुणे आजारी पडतात ते बहुतेक वेळा अस्वच्छतेनं नाही, तर रात्री बारा वाजता गराडू, रबडी, दहीवडा आणि शिकंजी एकावर एक ढकलल्यानं. ओवा जवळ ठेवा.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला. द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानंही घ्यायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. माझ्यावर हा प्रसंग एका गच्चीवरच्या रेस्टॉरंटात आला होता. मॅनेजर म्हणाला, “सर, सगळेच देतात.” मी हेल्पलाइनचा नंबर त्याच्यासमोर लावायला घेतला, तेवढ्यात नवं बिल आलं. वाढणाऱ्या मुलाला मात्र मी वेगळे पैसे दिले, त्याचा काय दोष?

जीएसटी वेगळा. तो कर आहे, साध्या रेस्टॉरंटात 5 टक्के. खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात 18 टक्के. छोटी दुकानं ‘कंपोझिशन’ योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची सुटसुटीत करपद्धत) असतील तर त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही आणि बिलावर तसं लिहावं लागतं. बिलावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांकही असायला हवा.

पाण्याच्या बाटलीचं विचाराल तर तिथे भांडू नका. बसून खायच्या हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलंय. ऑर्डर देतानाच भाव विचारा, नाहीतर साधं पाणी मागा.

मराठी चालतं का?

राजवाडा, मल्हारगंज भागात जुन्या दुकानांत चालून जातं. गल्ल्यावरचा माणूस तुमचं बोलणं ऐकून एकदम “पुण्याचे का?” असं विचारेल. आमची मराठी ऐकून हसू नका, तिच्यात हिंदी मुरलेली आहे. आम्ही पोहे ‘खाऊन राहिलेलो’ असतो. बाकी ठिकाणी हिंदी, आणि हाक मारायला ‘भिया’. भैया नव्हे, भिया. एवढं जमलं की जीरावन जरा सढळ हातानं पडतं.

कुठल्या दिवशी येऊ नये?

रंगपंचमीला राजवाड्याच्या भागात गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक निघते. रंगाचे फवारे, लोटलेली माणसं, इमारतींना गुंडाळलेलं प्लास्टिक. बघायला जरूर या, खायचा बेत करून येऊ नका. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांचे रथ निघतात, तेव्हाही तेच. खाण्यासाठी सर्वांत छान महिने डिसेंबर-जानेवारी: गराडू असतो, भूक असते आणि मध्यरात्रीच्या थंडीत गरम मालपुव्याला अर्थ असतो.

घरी काय न्यावं?

शेव आणि जीरावन. शेवेत रतलामी (लवंग-मिऱ्याची तिखट, तिला भौगोलिक मानांकन आहे) आणि लसणाची. सुटी घ्या, आधी चाखा, मग बांधा. महिनाभर सहज टिकते. मावा बाटी नेऊ नका, गाडीत पाक सांडतो आणि मग बॅग माळ्यावर जाते.

पुढे ग्वाल्हेर किंवा बडोद्याला जाणार आहोत. तिथेही असंच?

शिंदे, गायकवाड, होळकर, तिन्ही गावांत उसळ कुठे ना कुठे सापडतेच. बडोद्याचं शेव-उसळ आमच्या उसळ पोह्यांपेक्षा पातळ, पावाबरोबर, वर शेवेचा डोंगर. भाकरवडीही तिथून घ्या, पुण्याच्या वडीशी ताडून बघा आणि निकाल स्वतःपाशी ठेवा. ग्वाल्हेरला सकाळी बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि कचोरी, नया बाजारातले बहादुराचे लाडू आणि थंडीत गजक. वेळेचं तंत्र तिथेही पाळा.

सराफ्यातून रात्री एक वाजता हॉटेलवर कसं परतायचं?

रिक्षा मिळते. सराफ्याच्या तोंडाशी मागतील ते जास्त असतं, कृष्णपुरा छत्रीपर्यंत चालत या, भाव उतरतो आणि पोटही. मेट्रोच्या भरवशावर राहू नका. ती 31 मे 2025 रोजी, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला सुरू झाली खरी, पण शहराच्या कडेच्या सुपर कॉरिडॉर या नव्या रस्त्याच्या बाजूला. सराफ्याच्या आसपास तिचं नाव नाही. स्वतःची गाडी असेल तर राजवाड्यापासून लांब लावा आणि कुठे लावली त्याचा फोटो काढून ठेवा, रबडीनंतर आठवत नाही.